फावडंभर वाट

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं सुखरूप, तुम्ही सगळे तसेच असाल. आईचा गुडघा काय म्हणतोय? दाजींना नमस्कार सांग आणि माझ्या वतीने एक चिमटा काढ.

क्वार्टर मिळालं एकदाचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दाराबाहेर एक काचेची पडवी. बर्फातले बूट तिथे काढायचे, फावडं तिथेच ठेवायचं. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा कुठे नवऱ्याच्या घरात राहायला मिळतंय. हे गेल्या हिवाळ्यापासून इथे आहेत, त्यामुळे घरात मीच पाहुणी. कुठला नळ आधी गोठतो हे यांना ठाऊक, आणि मला अजून स्वतःचा कंगवा सापडत नाही.

थंडीचं काय सांगू? डोक्याला तेल लावायचं तर आदल्या दिवसापासून बाटली शेगडीपाशी नेऊन बसवावी लागते. परवा यांचा पायजमा दोरीवर घातला, तो तासाभरात असा ताठ झाला की मी तो काढून भिंतीला उभा करून ठेवला. यांनी घरात आल्या आल्या त्याला कडक सलाम ठोकला. तेवढीच करमणूक, कारण एरवी आमचं माणूस मुलखाचं घुमं.

तुला माहीतच आहे, हे बिनतारी यंत्रावर असतात. वरच्या चौकीवरचे लोक जे बोलतात ते ऐकायचं आणि साहेबांपर्यंत पोचवायचं. कानात आलेलं तोंडात येऊ द्यायचं नाही, असा त्यांच्या कामाचा कायदा. हे तो घरीही पाळतात. भाजी खारट झाली की नाही, हे मला यांच्या पाण्याच्या पेल्यावरून ओळखावं लागतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं तू म्हणतेस, आणि गाठ पडली ती कुलपाशी! नवीन यंत्र आलंय, त्याचं मात्र कौतुक फार. परवा जेवताना म्हणाले, "आता वर कुणी शिंकलं तरी मला खाली ऐकू येतं." हे या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

शेजारी एक हवालदारीण राहते. म्हणजे हवालदार तिचा नवरा, पण तो वरच्या चौकीवर गेलाय, वसंत लागल्याशिवाय खाली यायचा नाही. ही बाई माझ्याहून चांगली दहा वर्षांनी मोठी, हाडापेराने दणकट, आणि हसली की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात. शेगडी कशी पेटवायची, नळ रात्रभर थेंब थेंब गळता का ठेवायचा, सगळं तिनेच शिकवलं. सतत विणत असते. नवऱ्याचा स्वेटर गळ्यापर्यंत आलाय.

बाई चांगली आहे. फक्त एक बघतेय मी. आमचं कुलूप तिच्यापुढे बरोबर उघडतं. "काय भावजी, वरून काय खबर?" असं ती खिडकीतून ओरडते, आणि हे चक्क हसून उत्तर देतात, "तुमचे हवालदार आज पुन्हा पत्त्यांत हरले, वहिनी." हे कायद्यात कसं बसतं, ते मी विचारलं नाही. तू म्हणशील, लागली संशय घ्यायला. नाही गं. नुसतं लिहिलं.

तुझी शेपूट

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार, आईला शिरसाष्टांग, दाजींना जे काय ते. तब्येती बऱ्या आहेत. पत्रास कारण की, पाणी कुठेतरी मुरतंय.

हसू नकोस. आधी इथली रीत समजून घे. बर्फ पडला की प्रत्येक पुरुष आपल्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढतो. वाट फावडंभर रुंद, त्याहून जास्त कुणी काढत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं असतं. एक माणूस समोरून आला तर दुसऱ्याने बर्फात पाय घालून उभं राहायचं. जिथला पुरुष वर गेलाय तिथे तुकडीची माणसं सकाळी येतात आणि त्या घरची वाट काढून देतात. म्हणजे हवालदारणीच्या दारात माझ्या नवऱ्याचं काही काम नाही. बरोबर?

सोमवारी दुपारी हे आले ते बूटसुद्धा न काढता पडवीत उभे राहिले. मी म्हटलं, पान वाढते. "नको," म्हणाले. फावडं उचललं आणि तडक तिच्या दारी गेले. मी स्वयंपाकघराच्या काचेवरचं धुकं कोपराने पुसलं आणि बघत राहिले. सकाळीच तुकडीने काढलेली वाट होती तिथे, चांगली मोकळी. यांनी ती दोन्ही बाजूंनी कापायला घेतली. घाम फुटेपर्यंत कापत होते. मग शेगडीतली राख आणून वरून टाकली, म्हणजे महाराणींचा पाय घसरायला नको.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. ताई, तिच्या दारातली वाट आता एवढी रुंद झालीय की एखादं जोडपं हातात हात घालून चालत जाईल. कडा सुरीने कापल्यासारख्या. आणि आमच्या दारात? फावडंभर! मी बाजाराची पिशवी घेऊन तिच्यातून येते ती दोरीवरून चालल्यासारखी.

वाट एकवेळ सोडून देऊ. मंगळवारी तिने नेहमीसारखं खिडकीतून विचारलं, "काय भावजी, वरून काय खबर?" हे खाली बघत म्हणाले, "हवा खराब आहे, वहिनी. यंत्रावर काही ऐकू येत नाही." ऐकू येत नाही? शिंकलेलं ऐकू येणारं यंत्र हे! खोटं बोलले, तेही मी दाराशी उभी असताना. आणि हल्ली तिच्याकडे बघत नाहीत. आधी बघून हसायचे, ते परवडलं. ज्याच्याकडे बघायचं नाही असं माणसाला ठरवावं लागतं, तिथे काहीतरी आहे हे मला कुणी शिकवायला नको.

आमचा रॉकेलचा भरलेला डबा गायब झाला. सापडला कुठे, तर तिच्या पडवीत. विचारलं तर म्हणाले, "तिला लागेल." हाताला फोड आलेत, मी मलम लावायला गेले तर हात ओढून घेतला. आणि कळस ऐक. काल मलाच म्हणतात, "तू जरा तिच्याकडे जाऊन बसत जा. एकटी ठेवू नकोस तिला." असल्या प्रकरणात बायकोला लांब ठेवतात असं मी ऐकून होते. हे मला तिच्याच घरात नेऊन बसवतायत, म्हणजे किती निर्ढावलेपण बघ!

शेवटी मी सरळ विचारलं. म्हटलं, "तिचं दार एवढं आवडायला लागलंय का तुम्हाला?" ताई, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोण हेच त्यांना आठवत नसावं. मग बूट चढवले आणि निघून गेले. नाही म्हणाले नाहीत. माणूस निदान नाही तरी म्हणतो.

मी रडत बसलेली नाही. मला फक्त झोप लागत नाही. दीड वर्ष ज्या माणसाची आठवण काढत मी तुमच्याकडे दिवस काढले, तो हा नव्हेच, असं वाटतं. की तो असाच होता आणि मी लांबून छान समजत होते?

आईला काही बोलू नकोस. फक्त मागच्या खोलीतली गाद्यांची चळत हलवून ठेव, कदाचित मला यावं लागेल. कारण काय ते तू ठरव, थंडी सोसली नाही म्हण. पण त्याआधी उद्या हे कामावर गेले की मी तिच्या दारात जाणार आहे. त्या रुंद वाटेनेच जाणार.

तुझी शेपूट

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं, माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. आईचा गुडघा उतरला हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेले लोकरीचे पायमोजे घातलेत. इथे नळ दोन दिवस गोठला होता, आता चालू आहे. बटाटे गोठले की गोडसर लागतात, तुला माहीत होतं? कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवले की गोठत नाहीत.

तू लिहितेस, उगाच पराचा कावळा करू नकोस. ते पत्र मला आठ दिवस आधी मिळायला हवं होतं.

लिहिते आता. शुक्रवारी सकाळी मी गेले. हवालदारीण शेगडीपुढे बसून स्वेटरचा गळा विणत होती. मला बघून म्हणाली, "ये गं, चहा टाकते." मी उभीच राहिले.

"वहिनी, माझ्या नवऱ्याला बर्फ काढायला बोलावत जाऊ नका. तुमच्यासाठी तुकडी येते."

ती हसली. बश्या वाजवणारं तिचं ते हसू. "अगं, मी कशाला बोलावू? मला वाटलं तूच पाठवतेस. म्हटलं पोरगी नवीन आहे, पण मनाने मोठी आहे."

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ. "मी पाठवते? आमच्या दारात धड पाऊल ठेवता येत नाही, फावडंभर वाट! आणि तुमच्याकडे बघा. दोघं बरोबरीने चालतील एवढी. एकट्या बाईला एवढी वाट लागते कशाला?"

तिच्या सुया थांबल्या. तिने मान वळवून काचेतून बाहेर बघितलं. इतके दिवस त्या वाटेवरून ये-जा करत होती, पण रुंदी तिने तेव्हाच पाहिली असावी. तिचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, सापडली! खरं सांगते ताई, त्या क्षणाला मला आनंद झाला होता.

"कधीपासून काढतोय तो अशी?" तिने विचारलं.

"मला काय विचारता? सोमवारपासून. जेवले नाहीत, बूट काढले नाहीत, आले ते सरळ तुमच्या दारात. आणि यंत्र बिघडलंय म्हणाले ना तुम्हाला? काही बिघडलेलं नाही. सुईचा आवाज ऐकू येतो त्याच्यावर. आमचा रॉकेलचा डबाही तुमच्याकडेच आहे." मी एकेक पुरावा वकिलासारखा तिच्यापुढे टाकत गेले. ती सगळं ऐकत होती. 

मग तिने स्वेटर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बस."

मी बसले. तिचा आवाजच तसा होता.

"गेल्या हिवाळ्यात त्या टोकाच्या घरी एकाला वरून आणलं होतं. तू नव्हतीस तेव्हा. वाट अशीच, फावडंभर. उचलणारे चौघं त्या वाटेत मावेनात. आडवे होऊन चालायला लागले, एकाचा पाय गेला आणि पेटी कलली. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. ज्याचा पाय गेला तो तुझा नवरा होता."

ताई, मला अजूनही समजलं नव्हतं, एवढी मी मठ्ठ. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्या दारातून चौघांना जायचंय," ती म्हणाली. "सोमवारी त्याने यंत्रावर ऐकलं असणार. साहेब येऊन सांगेपर्यंत त्याला तोंड उघडता येत नाही. मग बिचारा करणार काय? फावडं चालवतोय."

मी तिच्या पायाशी बसले. काय बोलत होते ते आठवत नाही. असं नसेल, दुसरं काही असेल, मी यांना विचारते, असंच काहीतरी. तिने माझा दंड धरला. लोखंडी पकड आहे तिची. म्हणाली, "विचारायचं नाही. तू मला काही सांगितलेलं नाहीस. बातमी बिनतारीवाल्याच्या घरातून फुटली असं झालं तर त्याची नोकरी जाईल. आणि नोकरीपेक्षाही वाईट म्हणजे, त्याच्याच हातांनी मला सांगितलं हे त्याला कळेल. त्याला ते कळता कामा नये. कधीच. समजलं? तू भांडायला आली होतीस ना? मग भांडून जा. पलीकडच्यांना ऐकू जाईल असं बोल आणि जाताना दार आपट."

मी दार आपटलं, ताई. जिच्या घरावर आभाळ कोसळलंय तिच्यावर मी ओरडले, आणि आतून तीही ओरडली, "पुन्हा पाऊल ठेवू नकोस इथे!" संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं की बिनतारीवाल्याची नवी बायको आणि हवालदारीण कडाकडा भांडल्या. यांनाही कळलं. हे घरी आले, पडवीतूनच म्हणाले, "तिच्याशी भांडलीस? तिच्याशी?" आणि तिथेच बूट काढायच्या बाकावर बसून हुंदके देऊन रडले. मी कपाटाला टेकून उभी. मला सगळं माहीत, त्यांना सगळं माहीत, आणि दोघांनी एकमेकांना एक अक्षर सांगायचं नाही. हे सोमवारपासून एकट्याने किती ओझं वाहत होते ते मला तेव्हा कळलं, आणि त्यात मी त्यांना तिचं दार आवडतं का म्हणून विचारलं होतं.

शनिवारी ती नेहमीसारखी खिडकीत आली. "काय भावजी, वरून काय खबर?" मी धुक्याच्या काचेमागे उभी होते. यांनी फावडं थांबवलं. "हवा खराबच आहे, वहिनी." ती म्हणाली, "असू दे, निवळेल," आणि खिडकी लावून घेतली. कसं म्हणाली असेल ते तिचं तिला माहीत. आपण असतो तर कोसळलो असतो.

रविवारी सकाळी साहेब आले, डॉक्टर आले, साहेबांची बायको आली. तिघं शेजारी शेजारी चालत आले, वाटच तेवढी रुंद होती. त्यांनी कडी वाजवायच्या आत हवालदारणीने दार उघडलं. सोमवारी वर बर्फाचा कडा कोसळून तिघं खाली गाडले गेले होते, सहा दिवस शोध चालला होता, सापडल्याखेरीज घरी कळवायचं नाही असा नियम. साहेबांनी हे सगळं सांगितलं आणि तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मात्र ती ओरडली. ते ओरडणं खरं होतं, दोन दिवस दाबून ठेवलेलं. थोड्या वेळाने साहेबांच्या बायकोने विचारलं, कुणाला बोलावू? तर म्हणाली, "शेजारणीला." भांडण सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मी गेले तेव्हा बायका माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना आणलं. चौघांत हे होते. रुंद वाटेवर राख टाकलेली होती. कुणाला आडवं व्हावं लागलं नाही, कुणाचा पाय घसरला नाही. हवालदारीण दारात माझा हात धरून उभी होती आणि यांच्या पायांकडे बघत होती. चौघं पायरीपर्यंत पोचले तेव्हा तिने हळूच श्वास सोडला.

काल जेवताना यांनी मला विचारलं, "तिला आधी कळलं होतं का गं?" मी म्हटलं, "कसं कळणार?" हे म्हणाले, "साहेब म्हणत होते, कडी वाजवायच्या आत दार उघडलं तिने." मी म्हटलं, "खिडकीतून दिसले असतील." पण त्यांना खरं वाटलेलं नाही. हल्ली मी पाणी द्यायला गेले तरी माझा चेहरा वाचत असतात. गेल्या आठवड्यात मी जशी काचेआडून त्यांच्यावर नजर ठेवत होते, तशी आता त्यांची नजर माझ्यावर असते. मला ते सोसलं पाहिजे. तिला वचन दिलंय.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणतेस ना? या एका बाबतीत जन्मभर भिजेल. तुला लिहिलं ते शेवटचं. आईला नाही, दाजींना नाही, आणि पुढे कधी मीच बोलायला लागले तर मलाही गप्प कर.

मागच्या खोलीत गाद्या परत ठेव. मी येत नाही. हवालदारणीला तिचा भाऊ न्यायला येईल, रस्ता मोकळा झाला की. तोवर मी तिच्याकडेच असते, हे पत्रही तिच्याच शेगडीपाशी बसून लिहितेय. ती पलीकडे झोपली आहे. स्वेटरचा गळा तिने पूर्ण केला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

सकाळी पुन्हा बर्फ पडला. तिच्या दारातली वाट बुजायला आली, आणि यांनी फावड्याला हात लावला नाही. पडवीत उभे राहून नुसते बघत होते. मग मी ते उचललं. आमच्या पडवीपासून तिच्या पडवीपर्यंत कुंपणाला खेटून एक वाट काढली. मला कुठे सवय आहे, वाकडीतिकडी झाली. हे म्हणाले, "अरुंद झाली." मी म्हटलं, "असू दे. मी एकटीच जाणार-येणार आहे तिच्यावरून."

तुझी,
जिने दार आपटलं ती